केर कुणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्या आईचा एक नेम असे. मध्यरात्र उलटली की ती घरभर नवी केरसुणी फिरवी आणि सूप वाजवीत केर दाराबाहेर नेऊन टाकी. अलक्ष्मी घराबाहेर जावी, असा त्याचा अर्थ. मी सहा-सात वर्षांची असताना तिला विचारले होते, “आई, ती बाहेर म्हणजे कुठे जाते गं?” आई म्हणाली, “बाहेर म्हणजे बाहेर.” आता आमच्या खोलीचे ‘बाहेर’ म्हणजे शेजारच्या काकूंचे दार. त्याच वेळी काकूही सूप वाजवीत असत, आणि त्यांचे ‘बाहेर’ म्हणजे आमचे दार! चाळीच्या गॅलरीत अलक्ष्मी बिचारी रात्रभर येरझारा घालीत असली पाहिजे.

याची आठवण यंदा श्रावणातच झाली, आणि तीही एका टाइप केलेल्या पत्राने. मुलुंडला आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. ती गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि मी तो तिघा नोकरदार मुलांना भाड्याने दिला. आम्ही राहतो दादरला. पत्र होते तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे. मजकूर असा: आपल्या सदनिकेतून ओला-सुका एकत्र केलेला कचरा वारंवार दिला जातो, अमुक तारखेच्या रात्री एक पिशवी खिडकीतून टाकण्यात आली, ती तळमजल्याच्या पत्र्यावर फुटली, सबब आपणांस एक हजार रुपये दंड का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

मी पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा सवयीने, शुद्धलेखनासाठी. शुद्धलेखनात दोन चुका निघाल्या. अर्थात एकच, पण ती मोठी वाटली: पत्र भलत्याच पत्त्यावर आले होते. मी त्या घरात राहत नाही, तिथे जेवत नाही, तिथे साधे केळेसुद्धा सोलत नाही. माझा केर दादरला आहे. मुलुंडचा केर माझा कसा?

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. घरात असतो तोवर तो केर. उंबरठा ओलांडला की कचरा. आणि शेजाऱ्याच्या दारातून आपल्या दारात आला की घाण! शब्दागणिक वस्तू तीच राहते, मालक तेवढा नाहीसा होतो.

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. चाळीच्या मागे घरगल्ली होती. ज्यांनी घरगल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन इमारतींच्या पाठींमध्ये सोडलेली, माणूस अंग चोरून जेमतेम जाईल एवढी फट. मोऱ्यांचे आणि संडासांचे नळ तिच्यात उतरत. ती ठेवलेली होती सफाईसाठी. आणि वरच्या सगळ्या मजल्यांनी मिळून तिचा उकिरडा केला होता.

आमचे भाडे होते एकवीस रुपये. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती, आणि माझ्या लहानपणीही ती फारशी हलली नव्हती. मालक म्हणत, “एकवीस रुपयांत मी काय तुमच्या घरगल्लीत उतरू?” बिऱ्हाडकरू म्हणत, “भाडं घेता ना? मग गल्ली तुमची.” दोघांचेही म्हणणे ऐकताना खरे वाटे. त्याच कायद्यात मालकाला तोडता येणार नाहीत अशा सोयींची यादी होती: पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई. (१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही ती यादी उतरली आहे.) माझ्या वडिलांना ते कलम तोंडपाठ होते. पण मालकांनी साफसफाई तोडली नव्हतीच. झाडूवाला म्हातारा होऊन गावी गेला, त्याच्या जागी दुसरा ठेवला नाही, इतकेच. तोडणे आणि न चालवणे यांत फरक आहे की नाही, यावर आमच्या गॅलरीत कितीतरी रविवार खर्ची पडले.

बिऱ्हाडकरूंच्या वतीने अर्ज लिहायचे काम वडिलांकडे असे. अक्षर मोत्यासारखे, भाषा कडक पण सभ्य. रात्री दहाच्या सुमारास ते मसुदा करीत बसलेले असत, आणि आई वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी माझ्या हातात देई. ती मोरीच्या खिडकीतून खाली सोडायची. दोन क्षणांनी खालून ‘धप्प’ असा आवाज येई. वडिलांनी त्या आवाजाला कधी मान वर केली नाही.

एका जुलैत घरगल्ली तुंबली आणि पाणी तळमजल्याच्या मागच्या खोलीत शिरले. तिथे एक आजी एकट्या राहत. त्यांची लोखंडी ट्रंक पाण्यात गेली. तीत लुगडी होती आणि त्यांच्या यजमानांची पत्रे होती. लुगडी त्यांनी जिन्याच्या कठड्यावर वाळत घातली. पत्रांचे काय करायचे ते त्यांना सुचेना. हातात ओला गठ्ठा घेऊन त्या पायरीवर बसून राहिल्या. मालकांना महापालिकेची नोटीस आली. त्यांनी तिची नक्कल जिन्यात चिकटवली आणि खाली लिहिले, ‘भाडेकरूंनी नोंद घ्यावी.’ वडिलांनी त्याखाली लिहिले, ‘मालकांनी नोंद घ्यावी.’ मला मात्र त्या दिवशी वेगळीच भीती होती. गल्ली उपसताना पुड्या वर निघाल्या होत्या, आणि आमच्याकडे येणारे वर्तमानपत्र त्या चाळीत दुसऱ्या कुणाकडे येत नव्हते.

मुलुंडचे पत्र आल्यावर मी वडिलांची लेक असल्यासारखे वागले, म्हणजे आधी कायदा काढून बसले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात केर गोळा करून ठरल्या वेळी ठरल्या जागी टाकण्याचे कर्तव्य सांगितले आहे ते ‘मालक आणि भोगवटादार’ यांचे. मी वर्गात उभयान्वयी अव्यये शिकवते. ‘आणि’ हे समुच्चयबोधक, ‘किंवा’ हे विकल्पबोधक. परीक्षेत यावर हमखास एक गुण असतो. सव्वाशेहून अधिक वर्षे त्या कायद्यात ‘आणि’ आहे, आणि एवढी वर्षे मुंबईकर तो ‘किंवा’ असा वाचीत आले आहेत. मालक त्या शब्दाच्या पुढचे वाचतात, भाडेकरू मागचे.

‘भोगवटादार’ हाही शब्द मोठा गमतीचा. मी मुलुंडच्या घरात राहत नाही म्हणून सोसायटी माझ्याकडून दरमहा ‘बिनभोगवटा शुल्क’ घेते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे; आमची सोसायटी तो कसोशीने पाळते, म्हणजे बरोबर दहा टक्के घेते. तेव्हा मी तिथे राहत नाही, तिथले काही भोगत नाही, याच्या रीतसर पावत्या माझ्या कपाटात आहेत. तरी केर माझा!

अर्थात सेक्रेटरींचेही चुकत नव्हते. सोसायटी ओळखते ती सभासदाला. भाडेकरू तिच्या लेखी पाहुणा. आदर्श उपविधींत अशा दंडाला नोटीस, खुलासा, सर्वसाधारण सभा अशा पायऱ्या आहेत, आणि वर्षाला पाच हजारांची मर्यादाही आहे. रस्त्यात केर टाकल्याचा दंड निराळा. मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत तो दोनशे रुपये ठेवला होता, आणि तो टाकणाऱ्यानेच भरायचा. घर भाड्याचे की मालकीचे, हे तिथे कुणी विचारीत नाही. २०१६ साली केंद्राचे नियम आले, त्यांनी तर मालक-भाडेकरू ही जोडीच मोडली आणि ‘कचरा निर्माण करणारा’ असे नवे पात्र रंगभूमीवर आणले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग त्याने घरातच करायचे, असे त्या नियमांत होते. निर्मिती हा शब्द इतकी वर्षे मी काव्याच्या संदर्भात शिकवीत होते.

एवढे वाचून झाल्यावर मी भाडेकराराची प्रत काढली. करार लेखी आणि नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची, असे १९९९ चा कायदा म्हणतो. तेवढी मी चोख पार पाडली होती. भिंतीला खिळे मारू नयेत, कुत्रे पाळू नये, विजेचे बिल वेळेवर भरावे, रात्री गाणे-बजावणे करू नये. तेरा अटी होत्या. केराचा शब्द नव्हता.

रविवारी सकाळी मुलुंडला गेले. मुले झोपेतून उठून दार उघडायला आली. एक नांदेडचा, एक जळगावचा, एक सोलापूरचा, तिघेही रात्रपाळीचे. पहाटे साडेचारला घरी येतात, आणि केर नेणाऱ्या मावशी आठला बेल वाजवतात. ती यांना ऐकू येत नाही. पिशवी दाराबाहेर ठेवून पाहिली, ती मांजरांनी फाडली, समोरच्या बिऱ्हाडाने तक्रार केली. घरात तीन दिवस साठल्यावर एका रात्री ती खिडकीतून गेली. कुणी टाकली म्हणून विचारले तेव्हा जळगावच्या मुलाने मान खाली घातली आणि सोलापूरचा म्हणाला, “मी टाकली, काकू.” मी पुढे विचारले नाही.

मग नांदेडचा, जरा अजिजीने, म्हणाला, “पण काकू, कचरा मेन्टेनन्समध्ये येतो ना? मेन्टेनन्स तर तुम्ही भरता.”

मी चमकले. हे वाक्य मी एकवीस रुपये भाड्याच्या खोलीत ऐकले होते. आणि त्याला उत्तर म्हणून माझ्या तोंडून जे निघाले ते आमच्या मालकांचे होते: “एवढ्या भाड्यात तुमचा केरही मीच उचलू का?” आता भाडे काही एकवीस रुपये नाही. मुलांना ते वाक्य कशाचे हे कळणे शक्य नव्हते. ती नुसती गप्प उभी राहिली. स्वयंपाकघरात पाहिले तर ओट्याखाली एकच बादली होती, तिलाही झाकण नव्हते. दोन डबे हवेत, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा, हे मी त्यांना घर देताना सांगितले नव्हते. भाडे पाच तारखेला हवे, हे तीनदा सांगितले होते.

तेवढ्यात बेल वाजली. मावशी आल्या होत्या. सोसायटीने एका कंत्राटदाराला काम दिले आहे, त्याच्याकडच्या. पाठीमागे मोठा निळा पिंप, आणि उजव्या हाताला मळकी पट्टी. हाताला काय झाले म्हणून विचारले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता पिंपाचे झाकण उचलले. “ह्याच घरची पिशवी व्हती. भाताच्या खरकट्यात बिलेड.”

दाढीचे ब्लेड. ओला-सुका एकत्र आला की सोसायटीच्या पिंपाशी बसून तो हाताने वेगळा कोण करते, हे मला तोवर ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. कधी विचार केला नव्हता, हे खरे. दवाखाना, इंजेक्शन, दोन दिवस खाडा. कंत्राटदार खाड्याचे पैसे कापतो. मी पर्समधले पत्र पुन्हा काढून पाहिले. एक हजार रुपये सोसायटीच्या फंडात जाणार होते. तळमजल्याच्या पत्र्याचा उल्लेख होता. मावशींच्या हाताचा नव्हता.

माझी बहीण पुण्याला कोथरूडला राहते. तिथे कचरा वेचणाऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची बाई दारी येते आणि दरमहाचे पैसे घरातूनच तिच्या हातात पडतात. घर भाड्याचे असो की मालकीचे, जो दार उघडतो तो देतो. बहिणीच्या इमारतीत भांडणे होत नाहीत असे नाही, पण कुणाचा केर आहे हे त्या बाईला तोंडावर ठाऊक असते आणि ती ते बोलून दाखवते. आमच्या मावशींनाही ठाऊक होते. त्यांना विचारले कुणी नव्हते.

मुलांनी आपसांत कुजबुजून पैसे काढले, मीही त्यांत घातले. मावशींनी ते दारातच मोजले आणि म्हणाल्या, “दवाखान्याचे ऐंशी ऱ्हायले.” सोलापूरच्याने ते आणून दिले. मग वेळेचे ठरले. मावशींचा शेवटचा जिना साडेदहाला होतो. त्या जाताना या दाराशी येतील, नुसती बेल न वाजवता दार ठोठावतील, आणि तिघांपैकी ज्याची पाळी असेल त्याने उठायचे. पहिल्या आठवड्यात जळगावचा दोनदा उठला नाही, असे मला मावशींकडूनच कळले.

सेक्रेटरींना मी खुलासा पाठवला. लिहिताना पहिले वाक्य आपोआप ‘सविनय निवेदन की’ असे आले, ते खोडले. दंड मान्य केला आणि तो मावशींच्या बुडालेल्या रोजाकडे व हातमोज्यांकडे वळवता येईल का, असे विचारले. उत्तर आले की दंडाची रक्कम अन्य कामी वळवण्याची तरतूद उपविधींत दिसत नाही. हातमोज्यांचा विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येईल. सभा दिवाळीनंतर आहे. मी जाणार आहे.

गेल्या महिन्यात कराराचे नूतनीकरण झाले. एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला. मी म्हटले, केराची अट घाला: ओला-सुका वेगळा करून देण्याची जबाबदारी मालक आणि भाडेकरू यांची. तो थांबला. “मॅडम, ‘आणि’ नका लिहू, पुढे भांडण होतं. कुणा एकाचं नाव सांगा.” बराच वेळ आमची घासाघीस चालली. अखेर दोन डबे, त्यांची झाकणे आणि सोसायटीचे बिल माझ्या नावावर लिहिले. वेगळे करून वेळेवर हातात देणे आणि दंड मुलांच्या नावावर. मग मी म्हटले, आता ब्लेडचे आणि फुटक्या काचेचे लिहा. त्याने पडद्यावर वरखाली शोधले आणि म्हणाला, “त्याला रकाना नाही.” शेवटी ‘इतर अटी’ या सदरात त्याने ते टंकले. चौदावी अट: धारदार वस्तू जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळ्या द्याव्यात. मी एकदा वाचून पाहिली आणि अंगठा ठेवला.