चूक, दोष आणि थोडा लोचा

मिहानमध्ये सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द कोणता? चहा? नाही बॉस, 'डिफेक्ट'!

टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल... कॅम्पस कोणताही घ्या, टेस्टिंगवाल्यांची भाषा एकच. 2002 मध्ये सुरू झालेल्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्यातले शब्द नीट वेगळे करून ठेवलेत. माणसाकडून होतो तो एरर, त्यामुळे कोडमध्ये राहतो तो डिफेक्ट आणि प्रोग्रॅम चालवल्यावर समोर येतं ते फेल्युअर. मराठीतही चूक, दोष, बिघाड असे तीन शब्द तयार आहेत की! पण कॉल म्यूट केल्यावर आपण काय म्हणतो? "तुझ्या मॉड्यूलमध्ये चूक आहे बे!" झालं. आता क्लायंटनंच रिक्वायरमेंट चुकीची लिहिली असेल तर? चूक त्याची, दोष कोडमध्ये, आणि नाव तुमचं. अप्रेझलच्या महिन्यात हा फरक लहान नसतो.

इटालियन माणूससुद्धा इंग्लिश 'फॉल्ट'पाशी अडतो म्हणे तर ते बरोबरच आहे. ठपका ठेवायचा असेल तर 'कोल्पा', वस्तूत खोट असेल तर 'दिफेत्तो', मशीन बंद पडलं तर 'ग्वास्तो'. त्यांचा 'एर्रोरे' मात्र आपल्या जवळचा. तो आला लॅटिनमधल्या भटकणं या अर्थाच्या क्रियापदावरून. आपलं 'चुकणं'ही तसंच नाही का? वाट चुकते, खापरीची मेट्रो चुकते, चुकला फकीर मशिदीत सापडतो. यात गुन्हा कुठाय?

शिवाय मराठीत 'मी चुकलो' वेगळं आणि 'माझ्या हातून चूक झाली' वेगळं. दुसऱ्यात मध्ये हात आला, जरा सुटका झाली! इंग्लिश मेलमध्ये हेच काम पॅसिव्ह व्हॉइस करतो.

खरी पंचाईत 'टेंड्स टू'ची. डिक्शनरी म्हणते प्रवृत्ती. पण 'सर्व्हरची हँग होण्याची प्रवृत्ती आहे' म्हटलं की सर्व्हरला थेट पोलीस ठाण्यात न्यावंसं वाटतं. तिथे 'खोड' फिट बसतो. माणसाच्या बाबतीत मात्र जपून, हं. फीडबॅकमध्ये 'टेंड्स टू मिस डेडलाइन्स' हे निरीक्षण असतं, उद्या बदलू शकतं. तेच तुम्ही 'उशीर करायची खोड आहे' असं सांगितलंत, तर जित्याची खोड आठवते आणि समोरच्याचा विषयच संपतो. त्यापेक्षा 'कल' बरा. 2016 मध्ये दहावीच्या मुलांची झाली ती कलचाचणी, खोडचाचणी नव्हे! 'कामं शेवटच्या दिवसावर ढकलण्याकडे कल दिसतो' असं म्हणा, ऐकणारा निदान पुढचं वाक्य ऐकेल.

आणि काहीच ठरत नसेल तर 2006 च्या मुन्नाभाईनं देशभर पोचवलेला 'लोचा' आहेच. त्यात कुणाचंच नाव येत नाही, म्हणून कॅन्टीनमध्ये तो सगळ्यांना चालतो. रूट कॉजच्या रकान्यात टाकून बघा एकदा.