गोड सुटायचं तर आधी आग्रह सुटू द्या

गोडावर ताबा राहत नाही म्हणून मेटाकुटीला आलेली माणसं आपल्या घरात आहेत, ऑफिसात आहेत, सोसायटीत आहेत. त्यांना आपण सगळे एकच सांगतो: मन घट्ट करा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि 13 कोटींहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह एकट्या गोडामुळे होत नाही, हे खरं. पण गोड आवरणं ज्यांना औषधाइतकंच गरजेचं आहे, ते किती आहेत हे या आकड्यांवरून कळतं. इतक्या लोकांची लढाई प्रत्येकाने एकट्याने लढावी, हे मला पटत नाही. म्हणून हे मुद्दे.

१. सुरुवात आग्रहापासून करू. ऑफिसात कुणाच्या मुलीचा दहावीचा निकाल लागतो, पेढे येतात. वाटून उरलेला खोका पाण्याच्या यंत्राशेजारी झाकण उघडं टाकून दिवसभर पडून राहतो. गोड सोडू पाहणारी एखादी बाई सकाळी ‘नको’ म्हणते. ‘अहो, आनंदाचं आहे, नाही म्हणू नये.’ ती अर्धा पेढा मोडून घेते. दुपारी बाटली भरायला उठते, तर राहिलेला अर्धा समोरच असतो. तो खाल्ला की ‘आज मोडलंच आहे, आता काय’ असं वाटतं आणि तिथून हात थांबत नाही. संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःलाच बोल लावते. खोका तिथे कुणी ठेवला, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

ही ओढ अशीच चालते. पदार्थ दिसला, वास आला, ठरलेली वेळ झाली की भूक नसतानाही इच्छा जागी होते. मेंदूला ती जागा आणि ती वेळ पाठ झालेली असते. त्यामुळे नजरेसमोरून पदार्थ हलवणं हा साधा आणि खरा उपाय आहे. पेढे द्यायचे तर एकदा विचारून द्यावेत, उरलेले झाकून कपाटात ठेवावेत किंवा ज्याने आणले त्याने घरी न्यावेत.

त्याहून वाईट म्हणजे नकाराची किंमत. पंगतीत जिलबी नको म्हटलं की चार माणसांत विचारतात, ‘का हो, शुगर आहे का?’ गोड नाकारायला स्वतःचा आजार जाहीर करावा लागतो, तेव्हाच वाढप्याचा हात मागे सरतो. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला एवढाच नियम करू या: गोड मागेल त्याला वाढावं आणि पहिल्या ‘नको’वर थांबावं. पाहुणचार त्याने जराही कमी होत नाही.

२. शाळा. मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं. त्या परिपत्रकानुसार 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात, 11 ते 18 वयोगटात 15 टक्के. असावेत फार तर 5 टक्के. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या प्रत्येक शाळेतही असे फलक हवेत. पण त्यांच्यासोबत वाढदिवसाची चॉकलेटं वाटण्याची पद्धतही थांबायला हवी. वाढदिवसाला वर्गाला एक गोष्टीचं पुस्तक द्यावं. बक्षीस म्हणून गोड, रडू आवरायला गोड, ही सवय लहानपणी लागली की मोठेपणी दुःखातही हात डब्याकडेच जातो.

३. ‘गुळाचं आहे, चालतं’ हे आता बंद करावं. गूळ, मध, काकवी, फळांचा गाळलेला रस यांतली साखर शरीराला साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांची आहे आणि 5 टक्क्यांखाली आलं तर उत्तम. हे 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सहा छोटे चमचे. टपरीवरच्या चहात साखर आधीच उकळलेली असते, तिथे ‘कमी साखरेचा’ मागून उपयोग नसतो. टपरीवाल्यांनी एक किटली बिनसाखरेची ठेवावी, ही मागणी प्रत्येक ऑफिसच्या दारात करता येईल.

४. कर. शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, मात्र तो साखर किती आहे हे बघत नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये चॉकलेटं-बिस्किटांवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. एका हाताने शुगर बोर्ड आणि दुसऱ्या हाताने स्वस्त चॉकलेट, हे जुळत नाही. ब्रिटनने 2018 मध्ये पेयातल्या साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा कर टाळायला कंपन्यांनी साखरच कमी केली. आपल्या खासदारांकडे हेच मागायला हवं.

५. शेवटचा मुद्दा उपचाराचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. गोड आवडणं वेगळं. लपून खाणं, पोट फुटेस्तोवर खाणं, मग शरमेने दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं आणि त्या उपासाने पुन्हा तुटून पडणं हे वेगळं. अशा अनावर खाण्याला मनोविकारशास्त्राने 2013 पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंदलं आहे आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो. उपासतापास करून हे चक्र उलट घट्ट होतं. वेळेवर पोटभर जेवण, जेवणात डाळ-उसळ-अंडं, पुरेशी झोप आणि गोडाचा साठा घरात न ठेवणं, याने ते सैल पडतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, फुकट, कोणत्याही वेळी बोलता येतं.

अशी माणसं वेळेत शोधायची सोयही आहे. गावोगावी आशाताई तिशीपुढच्या लोकांचा आरोग्याचा अर्ज भरून घेतात. त्यात तंबाखू विचारतात, दारू विचारतात, कमरेचा घेर मोजतात. आरोग्य विभागाने त्यात आणखी एक प्रश्न घालावा: ‘खायला लागलं की थांबता येत नाही, असं होतं का?’ आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणाकडे पाठवायचं, हेही आशाताईंना आधी सांगून ठेवावं.