पाणी, डोंगर आणि नगर

अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत नगराला ‘आल्तेपेत्ल’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘पाणी-डोंगर’. डोंगर म्हणजे जलाने भरलेला घट आणि त्यात पर्जन्यदेव त्लालोक वसतो, अशी त्यांची श्रद्धा. त्लालोकाला नरबळीही दिले जात. म्हणून या श्रद्धेचा सरसकट गौरव नको. परंतु पाणी-डोंगरावाचून नगर नाही, ही तिच्यातील जाण मोलाची आहे. पनवेलची गाढी नदी माथेरानच्या डोंगरांतून येते. त्याच पनवेल तालुक्यात विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. विमानतळ अनावश्यक होता, असे नव्हे. पण डोंगराला केवळ अडथळा मानणारी दृष्टी अपुरी आहे. मिथकांचा अभ्यास ती उणीव दाखवून देतो.