मुलाला कुठे ठेवायचं, त्याआधी मुलाचं कोण आहे?

बाल कल्याण समितीसमोर एखादं मूल आलं की परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता त्याच्या घरी जाऊन चौकशी करतो आणि सामाजिक तपासणी अहवाल देतो. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांमध्ये या अहवालाचा नमुना आहे. घरातल्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, कामधंदा, उत्पन्न, आजार आणि व्यसन यांचे रकाने भरले की नात्यांची पाळी येते. आई-वडील, वडील-मूल, आई-मूल, मूल-भावंडं, मूल-नातेवाईक अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे तीन पर्याय असतात: सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, माहीत नाही. नमुन्यात नात्यांची विचारणा आहे हे चांगलंच आहे. अडचण पुढे येते. खूण केली की नात्यांचा विषय संपतो आणि समितीपुढे एकच प्रश्न उरतो, मुलाला कोणत्या बालगृहात पाठवायचं? माझं म्हणणं असं की समाजकार्याचा पहिला प्रश्न ‘या मुलाचं कोण आहे, आणि त्या माणसाला उभं राहायला काय लागेल’ हा असायला हवा. निवाऱ्याचा विचार त्यानंतर.

कायद्याचं म्हणणंही हेच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय ठरवला आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते कोविडच्या काळात उघड झालं. साथ सुरू झाली तेव्हा देशभरातल्या बालसंगोपन संस्थांत 2,27,518 मुलं होती आणि त्यांतली 1,45,788 मुलं आईवडिलांकडे किंवा पालकांकडे परत गेली, ही माहिती डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. म्हणजे दर तीन मुलांमागे जवळपास दोघांना घ्यायला कुणीतरी होतं. घाईत झालेल्या त्या पाठवणीत सगळीच मुलं सुरक्षित घरी गेली असतील असं नाही. पण ही मुलं अनाथ होती म्हणून संस्थेत होती, हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला. परत गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी, पालकांची परिस्थिती पाहून, महिना 2,000 रुपये द्यावेत असा आदेशही न्यायालयाने दिला. अनेक घरांना माया कमी पडत नव्हती, पैसा कमी पडत होता, एवढं त्यातून स्पष्ट होतं. नवरा गेलेली, धुणीभांडी करणारी बाई मुलाला बालगृहात ठेवा म्हणून अर्ज करते, तेव्हा ती नातं तोडायला आलेली नसते. दिवसभर मुलाकडे बघायला कुणी नाही, एवढंच ती सांगत असते. या अर्जाला संस्थेतली जागा हेच उत्तर दिलं, तर गरिबीची शिक्षा नात्याला होते.

नातं तुटल्याने मुलाचं किती नुकसान होतं, याचा पुरावा रोमानियातून आला. बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या 136 लहान मुलांवर 2000 सालापासून एक मोठा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी करून निम्म्यांना प्रशिक्षित पालक-कुटुंबात ठेवलं. त्यांची बुद्धी आणि माणसाशी जोडलं जाण्याची क्षमता संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत घर मिळालेल्यांना अनेक बाबतींत अधिक फायदा झाला. तिथली अनाथालयं फारच वाईट होती आणि आपल्याकडच्या चांगल्या बालगृहांची त्यांच्याशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. तरी निष्कर्षाचा गाभा इथेही लागू पडतो. पाळीप्रमाणे बदलणारे कर्मचारी कितीही प्रेमळ असले, तरी ‘हे माझं माणूस’ असं वाटावं असा एक कायमचा मोठा माणूस मुलाला लागतोच.

नात्यांपासून सुरुवात करायची म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या उदाहरणावरून कळेल. बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात बारा वर्षांची मुलगी गावी आजीजवळ राहते. केवळ उत्पन्नाचा रकाना पाहणारा कार्यकर्ता तिच्यासाठी संस्थेची शिफारस करेल. नाती पाहणारा आधी आजीजवळ बसेल. आजीला डोळ्यांनी नीट दिसतं का, चूल पेटवायचं काम मुलीवर येतं का, संध्याकाळी ती कुणाच्या ओसरीवर अभ्यास करते, शाळेतून निरोप आला तर आजी जाते की मामा, आई आठवड्यातून किती वेळा फोन करते, मुलीच्या लग्नाची घाई घरात कोण करतंय, हे सगळं तो विचारेल. उत्तरं मिळाली की मदतही नेमकी होते. आजीचं श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन सुरू करणं, मोतिबिंदूची शस्त्रक्रिया, मामाला पालक म्हणून पुढे आणणं, मुलीला घरीच राहून दरमहा मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेत बसवणं. यातलं एकही काम अवघड नाही. पण घरातल्या माणसांची ओळख करून घेतल्याशिवाय यातलं एकही सुचत नाही.

यावर सगळ्यांत गंभीर आक्षेप हा की कुटुंबच अनेकदा छळाचं ठिकाण असतं, आणि तो खरा आहे. पोक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात. ‘संसार मोडू नये’ म्हणून मार खाणाऱ्या बाईला समजूत घालून सासरी परत पाठवणारं समुपदेशनही आपल्याकडे कमी नाही. पण त्याला नात्यांचं काम म्हणता येणार नाही. ती घराच्या अब्रूची राखण झाली. धोका ओळखायचा तरी नातीच बारकाईने पाहावी लागतात. घरात कोणाचा शब्द चालतो, मूल कुणाजवळ गप्प होतं, कुणाजवळ मोकळं बोलतं, हे पाहिल्याशिवाय शोषणाचा माग लागत नाही. धोका दिसला की मूल किंवा बाई घराबाहेर आणि मारणारा घरात, हा न्याय आपण निमूट स्वीकारतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 19 तर दंडाधिकाऱ्याला हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगण्याचा अधिकार देतं. कुटुंब म्हणजे बापाचं छप्पर एवढाच अर्थ घेतला तर आक्षेप टिकतो. आई, आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण यांच्यापैकी सुरक्षित कोण हे शोधायचं म्हटलं, तर तोच आक्षेप या कामाची गरज सिद्ध करतो.

दुसरा आक्षेप महाराष्ट्राच्या इतिहासातून येतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात उभ्या केलेल्या वसतिगृहांनी आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांनी बहुजनांच्या पिढ्या घडवल्या. मग घरापासून दूर राहणं वाईट कसं, असं कुणीही विचारेल. पण तिथली मुलं शिकायला गेली होती. सुटीत ती घरी येत आणि गावाशी त्यांचं नातं शाबूत राही. वसतिगृह घराची ताकद वाढवतं. समितीच्या आदेशाने मुलाला ठेवून घेणारी आणि आईला भेटीच्या वेळा ठरवून देणारी संस्था घराची जागा घेते. पहिल्या प्रकारच्या सोयी वाढायलाच हव्यात. दुसरा प्रकार ज्यांना खरोखर कुणी नाही किंवा घरी धोका आहे, अशा मुलांसाठी राखून ठेवावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. एवढी माणसं कुठून आणायची? सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी करा असं कायदा सांगतो आणि एकेका कार्यकर्त्याकडे कितीतरी प्रकरणं साठलेली असतात. ही तक्रार रास्त आहे, पण तिचा रोख कामाच्या पद्धतीकडे न जाता तरतुदीकडे जायला हवा. 2023 मध्ये राज्य सरकारने बालसंगोपन योजनेची महिन्याची रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये केली, हे स्वागतार्ह आहे. पण मदत मिळालेलं घर सावरलं की नाही हे पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या वाट्याला मुलामागे महिना 250 रुपये येतात. तालुक्याच्या गावापासून तीस किलोमीटरवरच्या वाडीत एक गृहभेट करायची, तर तेवढे प्रवासातच जातात. पैसा खात्यात पोचतो, माणूस उंबऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि मग हप्ता रखडला किंवा घरात भांडण पेटलं की तेच मूल पुन्हा संस्थेच्या दाराशी येतं.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. मुलाचे नातेवाईक एकत्र बसतात, अधिकाऱ्यांना बाहेर ठेवून आपसांत बोलतात आणि मुलाची योजना स्वतः मांडतात. तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाच्या विचारातून आलेली ही रीत गावकी-भावकीच्या बैठका पाहिलेल्या महाराष्ट्राला परकी वाटू नये. फक्त अशा बैठकीत बायकांचं आणि मुलाचं म्हणणं आधी ऐकलं जाईल, याची जबाबदारी कार्यकर्त्याने घ्यावी. ज्या अहवालात कोणकोणत्या नातेवाइकांना भेटलो आणि ते मुलाला का सांभाळू शकत नाहीत हे लिहिलेलं नसेल, तो अहवाल समितीने परत पाठवावा. एका कार्यकर्त्याकडे किती मुलं असावीत याची मर्यादा सरकारने ठरवावी आणि गृहभेटीचा खर्च वेगळा द्यावा. संस्थेत मुलं किती आली यावर आपण आजवर अनुदान मोजत आलो. किती मुलं सुखरूप आपल्या माणसांत राहिली, हा हिशोब ज्या दिवशी सरकार मागू लागेल, त्या दिवशी कायद्यातलं ‘शेवटचा उपाय’ हे वचन कागदावरून कामात उतरेल.