पवईतील पर्जन्यवृक्षांवरील पिठ्या ढेकूण आणि कीडप्रतिकारक मातृवृक्षांचे जतन

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण

प्रत : उद्यान अधीक्षक, सहाय्यक आयुक्त, एस विभाग

विषय : पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावातून तगलेल्या पर्जन्यवृक्षांची नोंद, चाचणी व संवर्धन करणे आणि नव्या लागवडीसाठी कीडप्रतिकारक, विविध वंशाची रोपे तयार करणे

पर्जन्यवृक्ष, म्हणजेच मुंबईकरांचा रेन ट्री, हे मूळचे मध्य अमेरिकेतले आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले झाड. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आले. भराभर वाढणारे, छत्रीसारखा पसारा धरणारे आणि रस्त्यावर दाट सावली देणारे असल्यामुळे मुंबईत ते रस्तोरस्ती लावले गेले. पवई, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यातल्या वसाहती, संस्थांची आवारे आणि जुने रस्ते यांची सावली बऱ्याच अंशी याच एका जातीवर उभी आहे. गेल्या दशकात मुंबईत पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले आणि त्यांवर पिठ्या ढेकणाचा, म्हणजे मिलीबगचा, जोरदार प्रादुर्भाव आढळला.

प्रादुर्भावाची खूण जवळून पाहिल्यास चटकन ओळखता येते. कोवळ्या डहाळीच्या खालच्या अंगाला आणि पानाच्या देठाच्या बेचक्यात पिठासारखे पांढरे पुंजके दिसतात. कीड रस शोषते आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. हा चिकटा खालच्या पानांवर, फरसबंदीवर, उभ्या गाड्यांच्या काचांवर साठतो. त्यावर काळी बुरशी चढते आणि पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. नवी पालवी आखडते, लहान राहते, गळते. झाड पुन्हा पालवी काढते, ती पुन्हा शोषली जाते. काही हंगामांत साठवलेले अन्न संपते, शेंडा उघडा पडतो आणि वाळलेल्या फांद्या पावसाळ्यात पादचाऱ्यांच्या अंगावर येतात.

या किडीवर फवारणीचा उपाय तोकडा पडतो. प्रौढ मादीच्या अंगावर मेणचट आवरण असते आणि पाण्यात मिसळलेले औषध त्यावरून ओघळून जाते. वीस-पंचवीस मीटर उंचीच्या छत्राला, तेही वस्तीत, सर्वदूर फवारणे व्यवहार्यही नाही. खोडात छिद्र पाडून आंतरप्रवाही कीटकनाशक देण्याने काही काळ उतार पडतो. परंतु ते औषध फुलांपर्यंत पोहोचले तर मधमाश्यांना बाधते, आणि प्रत्येक छिद्र ही खोडाला झालेली जखम असते. बुंध्यापर्यंत भिडलेले काँक्रीट झाडाची ताकद आधीच कमी करते. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीच्या एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ते काम मुंबईतही झालेच पाहिजे. मात्र मुळे मोकळी केल्याने झाडाची सोसण्याची शक्ती वाढते; कीड येणे त्याने थांबत नाही.

पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणापुढे इतका हतबल का ठरतो, यावर कॅरिबियन बेटांचा अनुभव प्रकाश टाकतो. जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण ही आशियातली कीड. १९९४ मध्ये ती ग्रेनाडात आढळली, पुढच्याच वर्षी त्रिनिदादला पोहोचली आणि तिने तिथल्या पर्जन्यवृक्षांना मोठी इजा केली. म्हणजे झाड आपल्या मूळ प्रदेशाच्या जवळच उभे होते, तरीही त्याला तगता आले नाही, कारण कीड त्याच्या ओळखीची नव्हती. जिथे झाडाने आणि किडीने हजारो पिढ्या एकत्र काढल्या, तिथे किडीला बळी पडणारी रोपे मागे पडत जातात आणि बचावाचे गुण असलेली उरतात. ही निवड कधी झालीच नसेल, तर बचावाचे गुण थोड्याच झाडांत, तेही विखुरलेले असतात. अशी थोडी झाडे हेच त्या जातीचे भांडवल होय. ग्रेनाडात अखेर बाहेरून आणलेल्या परजीवी गांधीलमाशीने आणि ढालकिड्यांनी किडीला आवर घातला.

झाडाचा जनुकीय प्रतिकार तीन तऱ्हांचा असतो. काही झाडे किडीला नकोशी वाटतात : पानावरची लव, मेणाचा थर किंवा गंध यांमुळे मादी तिथे अंडी घालत नाही. काही झाडांवर कीड बसते पण वाढत नाही, कारण रसातली रसायने तिची पिले मारतात किंवा तिची वाढ खुंटवतात. तिसरी तऱ्हा सोसण्याची. कीड असते, रसही जातो, तरी झाड नवी पालवी काढून टिकून राहते. रस्त्यावरच्या झाडासाठी पहिल्या दोन तऱ्हा अधिक मोलाच्या आहेत, कारण नुसते सोसणारे झाड शेजारच्या झाडांसाठी किडीचे आगर बनू शकते. कीड वर्षातून अनेक पिढ्या काढते आणि पर्जन्यवृक्ष अनेक दशके उभा राहतो, हा फरकही ध्यानात घ्यावा लागतो. एकाच जनुकावर विसंबलेला प्रतिकार किडीने मोडून काढला, तर त्याच वंशाची सगळी झाडे एकदमच उघडी पडतात.

महाराष्ट्राने हा धडा सुबाभळीच्या रूपाने एकदा अनुभवला आहे. मणिभाई देसाई यांच्या 'बाएफ' संस्थेने १९७० च्या दशकात उरुळीकांचनहून सुबाभळीचा प्रसार केला. हवाई विद्यापीठात निवडलेले 'के-८' सारखे उंच वाण चारा, सरपण आणि पडीक जमीन यांसाठी शेतकऱ्यांनी उचलून धरले. पण सुबाभूळ स्वपरागित आहे आणि जगभर पसरलेला तिचा वंश अतिशय अरुंद होता. सुबाभळीवरची सायला ही शेंड्याचा रस शोषणारी बारीक कीड १९८४ मध्ये हवाईत पोहोचली, १९८८ मध्ये दक्षिण भारतात आली आणि लागवडीचे शेंडे जळू लागले. प्रतिकार सापडला तो 'ल्यूसीना पॅलिडा' या सुबाभळीच्या भाऊबंद जातीत. तिच्याशी संकर करून, चाऱ्याची चव परत आणण्यासाठी पुन्हापुन्हा सुबाभळीशी जोडून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 'रेडलँड्स' हे वाण तयार केले. ते शेतकऱ्यांच्या हाती आले २०१९ च्या सुमारास, म्हणजे कीड आल्यावर तीस वर्षांहून अधिक काळाने. हे काम वेळखाऊ आहे. म्हणूनच त्याची सुरुवात झाडे शिल्लक असताना व्हायला हवी.

निलगिरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातून पसरलेली 'लेप्टोसायबी इन्व्हेसा' ही जेमतेम सव्वा मिलिमीटरची गांधीलमाशी कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत आणि देठात अंडी घालते. तिथे गाठी येतात आणि रोपाची वाढ थांबते. ती मुख्यतः नराविनाच प्रजनन करते, त्यामुळे एक मादीही नवी वसाहत उभी करू शकते. २००१ च्या सुमारास ती दक्षिण भारतात दिसली आणि छाट कलमांपासून वाढवलेल्या, एकाच क्लोनच्या लागवडींना तिने झोडपले. शेजारच्या ओळीतला दुसरा क्लोन मात्र जवळजवळ बिनगाठीचा राहिला. एकाच जातीतल्या दोन क्लोनांमधला हा फरक रोपवाटिकेतच तपासता येतो : जाळीच्या पिंजऱ्यात रोपे ठेवायची, माश्या सोडायच्या आणि पानागणिक गाठी मोजायच्या. कोईम्बतूरची वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्था वृक्षांच्या अशा निवडीचे काम करते. मुंबईला लागणारे कौशल्य देशातच आहे.

तगलेल्या झाडांपासून सुरुवात करण्याची पद्धत अमेरिकेतील ॲश वृक्षांच्या बाबतीत वापरली गेली. पाचूच्या रंगाचा आशियाई खोडकिडा २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात आढळला आणि त्यापुढे त्याने कोट्यवधी ॲश मारले. सगळे शेजारी मेल्यावरही वर्षानुवर्षे हिरवी राहिलेली मोजकी झाडे संशोधकांनी शोधली, त्यांची कलमे केली, कलमांच्या सालीवर किड्याची अंडी ठेवली आणि आत गेलेल्या अळ्यांपैकी किती जगल्या ते मोजले. काही झाडांनी अळ्या खरोखरच मारल्या होत्या; काही केवळ नशिबाने वाचलेली निघाली. पवईतही हाच प्रश्न आहे. मेलेल्या रांगेत हिरवे राहिलेले झाड अंगच्या गुणाने वाचले, की त्याच्या मुळांना मोकळी माती आणि पाणी मिळाले म्हणून, हे नुसते बघून सांगता येत नाही. त्यासाठी त्याची कलमे इतर झाडांच्या कलमांसोबत एकाच जागी, सारख्याच किडीला सामोरी न्यावी लागतात. पर्जन्यवृक्ष फांदीच्या छाटापासून वाढतो, त्यामुळे ही चाचणी अवघड नाही.

बियांच्या बाबतीत वेगळी काळजी हवी. पर्जन्यवृक्ष स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. कोस्टा रिकातील एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, एकट्या पडलेल्या पर्जन्यवृक्षांची रोपे एकमेकांच्या जवळच्या नात्यातली आणि कमी जोमाची आढळली. रस्त्याकडेच्या एकाच झाडाखालच्या शेंगा गोळा करून हजार रोपे केली, तर हजार भावंडे लावल्यासारखे होते. रोपाची उंची आणि पिशवीचा आकार पाहून रोप घेण्याची रूढ पद्धत या दोषावर पांघरूण घालते.

पर्जन्यवृक्ष परदेशी, म्हणून त्याच्या जागी केवळ देशी झाडे लावावीत, असा एक आग्रह असतो. देशी झाडे लावणे योग्यच आहे. परंतु देशीपण म्हणजे कीडप्रतिकार नव्हे. पांगारा हे इथल्याच मातीतले झाड. त्यावर २००५-०६ च्या सुमारास केरळात पांगाऱ्याची गाठमाशी ही परकी कीड आली आणि पाने गाठींनी वेडीवाकडी झाली. जात कोणतीही असो, तिच्यात वंशवैविध्य आहे की नाही आणि तगणारी झाडे कुणी पाहून ठेवली आहेत की नाही, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ च्या कलम ७ नुसार झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालवणे आणि बी व रोपे पुरवणे ही वृक्ष प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. पुढील मागण्या त्याच चौकटीतल्या आहेत.

पवई परिसरासह संपूर्ण एस विभागातील प्रत्येक पर्जन्यवृक्षाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करावी. शेंडा किती हिरवा आहे, पिठ्या ढेकणाचे पुंजके किती आहेत, बुंध्याभोवती किती माती उघडी आहे, या तीन बाबी क्रमांकानिशी नोंदवाव्यात आणि ही नोंद वृक्षगणनेला जोडावी. बाधित रांगेत सलग हिरव्या राहिलेल्या झाडांना 'संभाव्य मातृवृक्ष' म्हणून चिन्हांकित करावे. अशा झाडाच्या छाटणीला किंवा तोडीला, ती रस्ता रुंदीकरणासाठी असो वा मेट्रोसाठी, त्याची छाट कलमे काढून रोपवाटिकेत रुजवल्याखेरीज परवानगी देऊ नये. ही या निवेदनातील सर्वांत तातडीची मागणी आहे, कारण तोडलेल्या झाडाचा गुण पुन्हा मिळवता येत नाही.

किडीची जात बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडून निश्चित करून घ्यावी. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईम्बतूरला आढळल्यावर याच संस्थेने २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून परजीवी गांधीलमाश्या आणून तो आटोक्यात आणला. जात ठाऊक नसेल तर योग्य मित्रकीटकही निवडता येत नाही. मित्रकीटक काम करत असताना त्या झाडांवर रासायनिक फवारणी होणार नाही, याची लेखी हमी कंत्राटदाराकडून घ्यावी.

मातृवृक्षांच्या कलमांची चाचणी वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली महापालिकेच्या एखाद्या रोपवाटिकेत सुरू करावी आणि तिला किमान पाच वर्षांचा निधी एकदम मंजूर करावा. दरवर्षी नव्याने मंजुरी लागणारी वृक्षचाचणी मध्येच बंद पडते. चाचणीत उतरलेला एकच क्लोन सगळीकडे लावू नये. एका रस्त्यावर अनेक मातृवृक्षांची रोपे मिसळून लावावीत आणि पर्जन्यवृक्षासोबत इतर जातीही असाव्यात. रोपखरेदीच्या निविदेत मातृवृक्षाचा क्रमांक आणि बी गोळा केल्याचे ठिकाण या अटी घालाव्यात.

पावसाळापूर्व छाटणीत बाधित फांद्या उघड्या ट्रकमधून नेल्या जातात तेव्हा पिठ्या ढेकणाची चालती पिले वाऱ्याने वाटेतल्या झाडांवर पडतात. अशा फांद्या ताडपत्रीने झाकून न्याव्यात, त्यांचा जागेवरच भुगा करावा किंवा त्या बंदिस्त जागी कुजवाव्यात, आणि करवती व कोयते पुढच्या झाडाकडे नेण्याआधी स्वच्छ करावेत. ही अट चालू छाटणी कंत्राटातच लागू करावी.

वरील मागण्यांवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल, मातृवृक्षांच्या यादीसह, एस विभाग कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावा.

निवेदनकर्ते,
पवई परिसरातील रहिवासी