क्रूझवर जा, पण होडी विकून नको



मुरगाव बंदरात क्रूझ लागली की आपली पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. सकाळी पाहुणे उतरतात, टॅक्सीने जुने गोवे बघतात, मसाल्याची बाग बघतात आणि संध्याकाळी परत बोटीवर जातात. पोरांना वाटतं, आपल्याला वर काम मिळालं तर आपणही असेच देश बघत फिरू, वर डॉलरमध्ये पगार.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने मुलाला क्रूझवर लावण्यासाठी एजंटला पैसे दिले. त्यासाठी होडी आणि इंजिन विकलं. बोलावणं अजून आलेलं नाही, एजंट फोन उचलत नाही. म्हणून हे लिहावं लागतंय.

आम्ही बोटीवरच्या नोकरीविरुद्ध नाही. गोव्यातली कितीतरी घरं त्याच पगारावर उभी राहिली. पण जाणाऱ्याने काय आहे ते समजून जावं.

पहिली गोष्ट कामाची. जहाजावरच्या कामगारांसाठी 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्यात 24 तासांत किमान 10 तास विश्रांती सांगितली आहे, तीही दोन तुकड्यांत घेता येते. म्हणजे 14 तास काम नियमात बसतं! सहा ते नऊ महिने रविवार नाही, चतुर्थी नाही. बंदर आलं तरी पाहुणे आधी उतरतात. आपल्या पोराला ड्युटी नसली तर दोन-चार तास मिळतात. त्यात तो वायफाय शोधून घरी फोन करतो, साबण-शॅम्पू घेतो आणि परत धावतो. बार्सिलोना बघितलं म्हणजे बंदराजवळचा रस्ता बघितला.

दुसरी गोष्ट समुद्राची. आपल्याला वाटतं, आपली पोरं लाटांवर वाढली, त्यांना काय होणार? होडीत नजर क्षितिजावर असते, वारा तोंडावर असतो. क्रूझवर कामगारांच्या खोल्या बहुतेक खालच्या मजल्यांवर, खिडकी नाही. तिथे मुरलेल्या खलाशालाही ओकारी येते, आणि तशातच हसतमुखाने जेवण वाढावं लागतं.

मोठी बोट म्हणजे धोका नाही, असंही नाही. 23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ या क्रूझची इंजिनं वादळात बंद पडली. बोटीवर 1373 माणसं होती, त्यांतल्या 479 जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. कारण काय, तर इंजिनातल्या तेलाची पातळी कमी होती, हेलकाव्यात पंपाला तेल मिळेना. ट्रॉलरवाल्यांनो, हे आपल्यालाही लागू आहे. बाहेर पडण्याआधी तेल बघा.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घेणं नियमाविरुद्ध आहे. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी यांचा खर्च आपला असू शकतो, पण ‘जागा मिळवून देतो, इतके लाख द्या’ म्हणणारा एजंट सरळ फसवतोय असं समजा. ज्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे, त्याच्याकडेच जा. परवान्याचा नंबर मागा आणि महासंचालनालयाच्या वेबसाईटवर तपासा.

आणि होडी विकू नका. कॉन्ट्रॅक्ट संपलं की पोरगा दोन-तीन महिने घरी असतो आणि बहुतेकांना त्या काळात पगार नसतो. 2020 मध्ये तर जगभरच्या क्रूझ बंद पडल्या, कितीतरी जण महिनोन्‌महिने घरी बसले. ज्यांच्या दारात होडी होती, त्यांची चूल बांगड्यांवर तरी पेटली. उद्या परत तशी वेळ आली तर आपल्याजवळ काय असेल, याचा विचार घरातल्या सगळ्यांनी बसून करावा.

मुलगा जाणार असेल तर आनंदाने पाठवा. पण एजंटला एक रुपया देण्याआधी कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. आपण एकत्र बसून तपासू. इंग्रजी वाचायला त्रास असेल तर आम्ही वाचून सांगू. यात लाज कसली?

आपला,
सचिव, संस्थेतर्फे