इंजिन बदललं की गाडी बाटते?

गेल्या वर्षी कामानिमित्त सहा महिने ऑक्सफर्डजवळ होतो. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक एमजीए उभी होती. एमजीए म्हणजे १९५५ ते १९६२ या काळात तिथून जवळच ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. दिसायला अशी की तिच्याशेजारी नुसतं उभं राहिलं तरी आपण जरा बरे दिसतो. आजोबांची १९५८ सालची, १५०० वाली. ब्लॉकला तडा गेलेला, दुरुस्त करणाऱ्याने हात टेकलेले, आणि गाडी तीन वर्षं जागची हललेली नाही.

आता यावर सरळ उपाय आहे. एमजीएनंतर आलेल्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन तिच्यात बसतं. आजोबांना तसं एक मिळतही होतं. पण ओळखीतल्या एका जाणकाराने सांगितलं, "ते घातलंत तर ती एमजीए राहणार नाही." झालं! आजोबा पुन्हा ताडपत्री झटकत बसले.

हे ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून आजचा शनिवार खर्ची घालतोय. हे गाडीप्रेम नाही हो, हे सोवळं आहे.

मुळात हे 'परकं' इंजिन परकं तरी किती? एमजीएत आधी १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं. १९५९ मध्ये ते १५८८ झालं, १९६१ मध्ये १६२२. आणि १९६२ च्या एमजीबीत तेच वाढून १७९८. चारही इंजिनांचा स्ट्रोक तोच, ८८.९ मिमी. फक्त बोअर ७३ वरून ८०.२६ मिमीपर्यंत रुंदावत गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडबेसचे चार रिलीज. पहिले तीन रिलीज कारखान्याने स्वतः एमजीएत टाकले. चौथा मालकाने टाकला की लगेच धर्म बुडाला?

बसवणंही फार अवघड नाही. १९६२ ते ६४ मधलं तीन मेन बेअरिंगचं इंजिन मिळालं तर उत्तम. एमजीएच्या इंजिनाची पुढची प्लेट त्याला लावायची की माउंटिंग जुळतं, आणि केबलवर चालणारा जुना टॅकोमीटरही चालतो. नंतरचं पाच बेअरिंगवालं घेतलं तर मागची प्लेट, फ्लायव्हील, क्लच जुळवत बसावं लागतं आणि टॅकोमीटरची वेगळी सोय करावी लागते. पण हे सगळं नटबोल्टचं काम आहे. ७० च्या आसपास हॉर्सपॉवरची गाडी ९५ च्या आसपास जाते, बाहेरून कळतही नाही.

आणि ज्याला हे लोक गाडीचा 'आत्मा' म्हणतात ना, त्याची गंमत ऐका. तेच १४८९ सीसीचं बी-सीरिज आपल्या अँबॅसडरमध्ये होतं! हा आत्मा इकडे वर्षानुवर्षं कोलकात्यात टॅक्सी ओढत होता. पुढे १९९० च्या दशकात अँबॅसडरला इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आलं, म्हणजे गोत्रही वेगळं. ती अँबॅसडर नाही असं कोणी म्हणालं? २०१४ मध्ये उत्तरपाड्यात उत्पादन थांबेपर्यंत ती अँबॅसडरच होती.

ब्रिटनच्या डीव्हीएलएने गाडीची ओळख ठरवायला अनेक वर्षं गुणपद्धत वापरली. त्यात चेसिसला ५ गुण, इंजिनाला १. सरकारी बाबूंना कळलं ते जाणकारांना कळू नये?

पण म्हणून काहीही कोंबा असं मी म्हणत नाही. १९६७ मध्ये एमजीने स्वतःच एमजीबीत सहा सिलिंडरचं जड इंजिन घालून एमजीसी काढली. नाक जड झालं आणि समीक्षकांनी तिच्या वळणांवरच्या वागण्याला झोडपलं. उलट केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने एमजीबीत रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही८ बसवून दाखवलं, आणि १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची व्ही८ आणली. थोडक्यात काय, वजन बघा, जन्मसाल नको. एमजीए ट्विन कॅमसारखी गाडी असेल, जी फक्त २१११ बनली, तर तिचं इंजिन जिवापाड जपा, हेही मान्य.

बाकीच्यांसाठी माझे नियम साधे आहेत. आधी ब्रेक (१५०० ला चारही चाकांना ड्रम आहेत, पुढचे डिस्क १६०० पासून आले), मग ताकद. चेसिसला करवत लावायची नाही. जुना ब्लॉक फेकायचा नाही. आणि विकताना घेणाऱ्याला खरं सांगायचं.

राहिला किमतीचा मुद्दा. नंबर जुळले नाहीत तर भाव पडतो, खरंय. पण तडकलेल्या ब्लॉकच्या जागी दुसरा १४८९ चा ब्लॉक आणला तरी त्याचा नंबर वेगळाच असणार ना? म्हणजे तो नंबर तसाही गेलाच. मग उरलं काय? एमजीए एक लाखाहून जास्त बनल्या. त्यातल्या एकीत १७९८ गेलं तर इतिहास बुडत नाही. पण आजोबा ७८ वर्षांचे आहेत. शुद्ध ब्लॉकची वाट बघण्यात अजून तीन उन्हाळे गेले, तर ते त्यांना कोण परत देणार? तो जाणकार?